लेखकानंतरची लिस्बेथ सालांदर : ‘मिलेनियम’ मालिकेच्या उत्तरार्धाचा विचार

लेखकाच्या निधनानंतर त्याचा नायक दुसऱ्याच्या लेखणीतून वावरत राहणे, ही पाश्चात्त्य रहस्यकथेतील जुनी प्रथा होय. इयान फ्लेमिंग १९६४ मध्ये निवर्तले आणि चारच वर्षांनी किंग्जली एमिस यांनी रॉबर्ट मार्कम या टोपणनावाने जेम्स बाँडची नवी कादंबरी सिद्ध केली. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांचा प्वारो २०१४ मध्ये सोफी हॅना यांनी पुन्हा उभा केला. ही पात्रे बव्हंशी लकबींवर उभी आहेत. लकबी साधल्या की पात्र साधते. स्वीडिश लेखक स्टीग लार्सन यांच्या ‘मिलेनियम’ मालिकेबाबत मात्र हा हिशेब पुरेसा ठरत नाही. तेथे पात्रापेक्षा संताप मोठा आहे, आणि पात्राप्रमाणे संतापही वारसाहक्काने मिळतो काय, हा येथे विचाराचा मुद्दा आहे.

लार्सन हे मूलतः पत्रकार. अतिउजव्या व वंशवादी संघटनांचा मागोवा घेणाऱ्या, १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स्पो’ या नियतकालिकाशी ते प्रारंभापासून निगडित होते. तीन कादंबऱ्यांची हस्तलिखिते प्रकाशकाकडे सोपवून ते नोव्हेंबर २००४ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने गेले. कादंबऱ्या २००५ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाल्या. लेखकाने त्यांपैकी एकही छापील रूपात पाहिली नाही. पहिल्या कादंबरीच्या स्वीडिश शीर्षकाचा अर्थ ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असा आहे. इंग्रजी अनुवादात तिचे ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ झाले. मूळ शीर्षकात आरोपी पुरुष आहेत. इंग्रजी शीर्षकाने नजर मुलीच्या पाठीवरील गोंदणाकडे वळवली. पुढे मालिकेचे जे झाले त्याची ही नांदीच म्हणावी लागेल.

लार्सन यांच्या कादंबरीत गुन्ह्याचे खरे अधिष्ठान कोणते? पहिल्या कादंबरीत खुनांची मालिका आहे. परंतु वाचकाच्या मनात घर करतो तो वकील ब्यूर्मान. लिस्बेथ सज्ञान असूनही न्यायालयाने तिला कायदेशीर पालकत्वाखाली ठेवले आहे. तिचा सहृदय पालक पाल्मग्रेन आजारी पडल्यावर ब्यूर्मान त्या जागी येतो. तिचे बँकखाते त्याच्या सहीवाचून चालत नाही आणि तिच्याच पैशासाठी तो तिच्याकडून शरीराची किंमत वसूल करतो. हे सारे फाइली आणि शिक्के यांच्या साक्षीने घडते. मनोविकारतज्ज्ञ टेलेबोरिअन याचे अहवालही असेच नियमात बसणारे आहेत. बापाच्या अत्याचाराविरुद्ध बाराव्या वर्षी पेटून उठलेल्या मुलीला तो रुग्णालयात बांधून ठेवतो; कारण तो बाप, सोव्हिएत गुप्तचर सेवेतून फुटून आलेला झालाचेंको, गुप्त पोलिसांतील एका गटाला हवा असतो. तिसऱ्या कादंबरीचा उत्कर्षबिंदू पाठलागात नसून न्यायालयात आहे. वकील आनिका जियानिनी कागदपत्रांच्या आधारे टेलेबोरिअनची साक्ष उलगडत नेते आणि लिस्बेथला नागरिक म्हणून तिचे हक्क परत मिळतात. लार्सन यांची भाषा पुष्कळदा रुक्ष आहे. आयकियातून आणलेल्या फर्निचरची यादी वाचताना कोणाचाही धीर सुटावा. परंतु ही नोंदवहीसारखी शैलीच अत्याचाराची नोंद विश्वसनीय करते, हे नाकारता येत नाही.

लार्सन यांचे वैध मृत्युपत्र नव्हते. सुमारे ३२ वर्षांच्या सहचारिणी एवा गॅब्रिएल्सन यांच्याशी त्यांचा विवाह झालेला नव्हता आणि स्वीडिश कायदा अशा सहचराला वारस मानीत नाही. साहजिकच साहित्याचे हक्क वडील व बंधू यांच्याकडे गेले. स्त्रीवरील संस्थात्मक अन्यायाविषयी लिहिणाऱ्या लेखकाच्या सहचारिणीलाच कायद्याने बाहेर ठेवावे, हा योगायोग विदारक आहे. गॅब्रिएल्सन यांनी नव्या लेखकाच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला. तथापि वारसांना कायद्याने मिळालेला अधिकार निर्विवाद होता. नव्या कादंबऱ्यांचे मूल्यमापन हक्काच्या वादावर न करता संहितेवर करणे योग्य ठरेल.

डेव्हिड लागेरक्रांत्झ यांनी २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये तीन कादंबऱ्या लिहिल्या. फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच यांचे आत्मकथन शब्दबद्ध करणारे आणि गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगवर कादंबरी लिहिणारे हे लेखक कुशल आहेत. त्यांची वाक्ये लार्सनपेक्षा रेखीव आहेत, कथानकाची गतीही अधिक. प्रश्न वेगळाच आहे. लार्सन यांनी जेमतेम उल्लेखिलेली लिस्बेथची जुळी बहीण कमिला येथे प्रमुख खलनायिका होते: अतिसुंदर, क्रूर, सायबर गुन्हेगारांच्या टोळीची सूत्रधार. लिस्बेथच्या ‘वास्प’ या टोपणनावाचे मूळ मार्व्हल कॉमिक्समध्ये शोधले जाते. अन्याय कार्यालयातून उठून रक्ताच्या नात्यात जातो. समाजाचा प्रश्न दोन बहिणींच्या वैराची दंतकथा होतो. दंतकथेतील दुष्टाशी वाचकाचा संबंध नसतो. ब्यूर्मानसारखा माणूस मात्र त्याच्याच गावच्या कचेरीत बसलेला असू शकतो.

अर्थात या निष्कर्षाला एक ठळक अपवाद आहे आणि तो लागेरक्रांत्झ यांच्या बाजूने नोंदवणे न्याय्य होईल. २०१७ च्या कादंबरीत जुळ्या मुलांना हेतुतः विभक्त करून त्यांच्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेचा शोध येतो. विज्ञानाच्या नावाने नोंदवहीत घातलेली बालके, हा विषय अस्सल लार्सन परंपरेतील आहे. दुर्दैवाने तुरुंगातील मारामाऱ्या आणि समांतर उपकथानके यांच्या गर्दीत तो पुरेसा फुलत नाही.

त्यानंतर कारिन स्मिर्नॉफ यांच्याकडे मालिका आली. त्यांची पहिली कादंबरी लिस्बेथला उत्तर स्वीडनमधील गासकास या काल्पनिक गावी नेते. खाणी, पवनऊर्जा, जमिनीवरील हक्क आणि बाहेरचे भांडवल यांचा तेथील संघर्ष खऱ्या नॉरलँडला ओळखीचा आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, तेरा वर्षांच्या पुतणीचे, स्वालाचे, पालकत्व घेण्याविषयी समाजकल्याण खाते लिस्बेथलाच विचारते. जिने पालकत्वाचा जाच सोसला तिच्यापुढे आता तेच अधिकारपत्र ठेवले जाते! ‘पालक’ या शब्दाचा जो अर्थ ब्यूर्मानने नासवला, तो पुन्हा हाताळण्याचे धैर्य स्मिर्नॉफ यांनी दाखवले आहे; लागेरक्रांत्झ यांच्या तिन्ही कादंबऱ्यांत असा प्रसंग आढळत नाही. त्यांचा खलनायक मार्कस ब्रान्को मात्र पुन्हा कॉमिक्सच्या पानांतून उतरल्यासारखा भासतो. त्याच्या तुलनेत पालिकेचा मुख्याधिकारी हेन्री सालो हे पात्र कितीतरी अधिक अस्वस्थ करणारे आहे. गावाचा विकास, स्वतःची प्रतिष्ठा आणि पवनचक्क्यांचा करार यांत तो हळूहळू गुरफटत जातो, आणि हे सारे तो आपल्या दालनात, टेबलावरच्या कागदांवर सह्या करीत करतो.