वत्सगुल्म, ‘ईश्वरकामित’ आणि शुभा थेरी

आजचे वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे संघास अर्पण केले, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र या नगराची आणखी एक साक्ष वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. ती आपण क्वचितच वाचतो.

त्या ग्रंथाच्या पाचव्या अधिकरणातील ‘ईश्वरकामित’ हे प्रकरण सत्ताधारी पुरुषांविषयी आहे. महामात्रांच्या स्त्रिया रात्री सेवेसाठी राजाकडे जातात, अशी वत्सगुल्मकांची रीत तेथे नोंदविली आहे. त्याआधी ग्रामाधिपतीला केवळ शब्दाने साध्य होणाऱ्या स्त्रियांची गणना येते : वेठीला आलेल्या, कोठारे भरणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, कापूस नेऊन सूत देणाऱ्या. सूत्राध्यक्षाच्या वाट्याला विधवा व निराधार स्त्रिया येतात.

या यादीत रूपाचा उल्लेख नाही. आहे तो कामाचा आणि अवलंबित्वाचा. लैंगिक छळाचे मूळ अनावर वासनेत किंवा स्त्रीच्या वेशात शोधणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. वासना खरोखरच अनावर असती, तर ती दुर्बळ स्त्री निवडून काढती ना. जिथे जाब विचारणारा कोणी नाही, नेमकी तिथेच ती उफाळते. म्हणजे ती हिशेब करते. अभिधम्मानुसार ‘मान’ हा चेतसिक लोभमूल चित्तांतच उद्भवतो. छळ करणाऱ्याच्या मनात स्पर्शाच्या लोभासोबत ‘मी वरचा’ हा मान वसत असतो, असे आमचे मत आहे.

लोकहितदक्ष राजाने हे प्रयोग करू नयेत, असे वात्स्यायन प्रकरणाच्या शेवटी सांगतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याने दाखविलेले फळ राजाच्या पृथ्वीविजयाचे आहे. त्या स्त्रीस काय वाटले, हा प्रश्न त्याला पडत नाही.

तो प्रश्न थेरीगाथेत स्त्रीच्याच मुखातून येतो. जीवकाच्या आम्रवनात एक धूर्त शुभा थेरीची वाट अडवितो. तो स्तुती करतो, वस्त्रालंकारांचे आमिष दाखवितो, एकाकी अरण्याचे भयही घालतो. मी तुझा काय अपराध केला की तू माझी वाट अडवितोस, असे ती विचारते. पुढे ती आपला डोळा काढून त्याच्या हाती देते. तेव्हा त्याचा कामराग शमतो व तो क्षमा मागतो. परंपरेने या गाथांतील वैराग्यच गौरविले. आम्हास मात्र तिचा पहिला प्रश्नच अधिक मोलाचा वाटतो. अडविणाऱ्याला शहाणपण यावे म्हणून स्त्रीने डोळा का द्यावा?

२०१३च्या कायद्याने असंघटित कामगार स्त्रियांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद केली. वाशिमच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या बाईपर्यंत तिचे नाव पोहोचविणे हे आपल्या विहारांचेही काम आहे. शुभेचा प्रश्न तिने विचारला, तर आपण तो डोळा न मागता ऐकावा.