लवणसहिष्णू प्रथिन-विघटक विकरांचे संशोधन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
किण्वित अन्नातून लवणसहिष्णू जीवाणू वेगळे करावेत आणि त्यांच्या प्रथिन-विघटक विकरांचे गुणधर्म नोंदवावेत, या स्वरूपाचे संशोधन आग्नेय व पूर्व आशियात विपुल झाले आहे. थायलंडमधील ‘नाम प्ला’ या मत्स्यद्रावाच्या आधारे या संशोधनाच्या निष्कर्षपद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
नाम प्लासाठी मांदेलीच्या कुळातील अँकोव्ही मासे भरपूर मिठात घालून साधारणतः १२ ते १८ महिने मुरवतात. अशा द्रावातील व्हर्जिबॅसिलस जीवाणूच्या एका वाणाचे, मिठाने अधिक क्रियाशील होणारे बाह्यपेशीय विकर २००७ मध्ये नोंदले गेले. ही नोंद निःसंशय मोलाची आहे, कारण बहुतेक विकरे तीव्र लवणद्रावात मंदावतात. प्रश्न आहे तो अशा नोंदींवरून काढल्या जाणाऱ्या व्यापक अनुमानांचा.

पहिला मुद्दा असा की, जीवाणूची सहिष्णुता म्हणजे विकराची सहिष्णुता नव्हे. अनेक जीवाणू पेशीत सेंद्रिय द्रव्ये साठवून मिठाला बाहेरच रोखतात. त्यामुळे त्यांच्या पेशींतर्गत विकरांची मिठाशी गाठच पडत नाही. दुसरे, प्रयोगशाळेतील चाचणी काही मिनिटांची व बहुधा उच्च तापमानावरची असते, तर मुरण्याची प्रक्रिया सामान्य तापमानात वर्षभर चालते. क्षणिक क्रियाशीलतेवरून दीर्घकालीन स्थैर्य सिद्ध होत नाही. तिसरे, चाचणीत प्रायः दुधातील केसीन वापरतात. तीव्र लवणद्रावात केसीनच साक्याच्या रूपात खाली बसू लागते. तेव्हा घटलेली क्रियाशीलता विकराची की केसीनच्या अविद्राव्यतेची, हे कसे ठरवावे? चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. माशाच्या आतड्यातील ट्रिप्सिन व स्नायूंतील कॅथेप्सिन ही विकरेदेखील प्रथिनांचे विघटन करतात. त्यांचा वाटा वजा केल्याशिवाय जीवाणूला श्रेय देणे न्याय्य ठरत नाही.

निष्कर्ष :
मुरण्याचा काळ घटल्यास उत्पादकाचे अडकलेले भांडवल लवकर मोकळे होईल, हे या संशोधनामागील खरे आश्वासन आहे. ते कसोटीस उतरण्यासाठी माशाचेच प्रथिन, प्रत्यक्षातील लवणप्रमाण, पुरेसा कालावधी आणि जीवाणू न मिसळलेले नियंत्रण-पात्र या चार गोष्टी आवश्यक आहेत. यांतील एकीलाही महागडे उपकरण लागत नाही. म्हणूनच महाविद्यालयीन प्रकल्पांत नव्या वाणांची यादी वाढविण्यापेक्षा ज्ञात वाणांची अशी फेरतपासणी अधिक उपयुक्त ठरेल.