क्लस्टर आणि बॅकअप : एका गैरसमजाची चिकित्सा
२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या आगीत हजारो नस्त्या भस्मसात झाल्या. परंतु कागद संगणकात गेला म्हणजे तो सुरक्षित झाला, ही धारणाही तितकीच भ्रामक होय. आभासी फाईल सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये एक सर्व्हर बंद पडल्यास दुसरा त्याचे काम सांभाळतो. सेवेत खंड पडत नाही, एवढेच. दोहोंचा साठा बहुधा सामायिक असतो, त्यामुळे एकाने पुसलेली फाईल दुसऱ्यालाही पुसलेलीच दिसते. आगीपुढे तर एक काय नि दोन काय! शिवाय बॅकअप एकाच सर्व्हरच्या नावे बांधला आणि काम दुसऱ्याकडे गेले, तर सामायिक फाईली त्यातून निमूटपणे सुटू शकतात. म्हणून तो क्लस्टरच्या नावे घ्यावा, प्रत अन्य गावी ठेवावी आणि ती परत उतरवून पाहण्याची अट महाविद्यालयांनी खरेदीच्या निविदेतच घालावी.