कपाटाची किल्ली आणि पाच सूत्रे

शाळेच्या ग्रंथालयासाठी चांगल्या विज्ञानपुस्तकांची यादी पाठवा, अशी मागणी शिक्षक आमच्याकडे नेहमी करतात. यादी करणे फारसे अवघड नाही. अधूनमधून आम्ही ती करतोही. या वेळी मात्र आम्ही एकाच पुस्तकाविषयी लिहिणार आहोत. ते मुलांसाठी नाही. शाळेत ज्यांच्याकडे ग्रंथालयाचे काम 'सोपवलेले' असते, त्या शिक्षकांनी वाचावे असे ते आहे. पुस्तकाचे नाव 'द फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स', लेखक एस. आर. रंगनाथन, पहिले प्रकाशन १९३१.

हे पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटले त्याला एक प्रसंग कारण झाला. शिक्षक-शिबिराच्या निमित्ताने आम्ही एका शाळेत गेलो होतो. तिथले ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटे. आतली पुस्तके उत्तम होती : आकाशदर्शन, पक्षी, घरी करायचे प्रयोग, शास्त्रज्ञांची चरित्रे. आमच्या यादीतली निम्मीअधिक तिथे होती. पण काहींची पाने अजून एकमेकांना जोडलेलीच होती. देवघेवीच्या वहीतल्या त्या वर्षाच्या नोंदी एका पानात संपत होत्या. आम्ही विचारले तेव्हा ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हरवलेल्या पुस्तकाचे पैसे माझ्याकडून घेतले जातात. न दिलेले पुस्तक कधी हरवत नाही."

बाई आळशी नव्हत्या. वाचनाची आवड नसलेल्या तर मुळीच नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या पिशवीत तालुक्याच्या वाचनालयातली कादंबरी होती. मग आणखी एक यादी देऊन आम्ही त्यांची कोणती अडचण सोडवणार होतो?

गणिताचा प्राध्यापक ग्रंथपाल होतो

रंगनाथन (१८९२–१९७२) मुळात गणिताचे. १९१७ पासून ते मंगळूर, कोइमतूर आणि मद्रासच्या सरकारी महाविद्यालयांत शिकवत होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. काम इतके कंटाळवाणे वाटले, की आपल्याला पुन्हा शिकवायला पाठवा, असे सांगायला ते लवकरच परत गेले. आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या, मग ठरवा, असा तोडगा निघाला. तिथे त्यांनी पुष्कळ ग्रंथालये पाहिली. प्रत्येक ठिकाणी चांगल्या-वाईट रीतींची गर्दी होती. पण अमुक रीत चांगली का, याचे उत्तर कुठे एकत्र सापडेना. गणितात मोजकी गृहीतके मांडून त्यांतून बाकीचे सगळे काढता येते. ग्रंथालयाच्या कामाचे तसे करता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला. १९२८ मध्ये पहिले सूत्र त्यांना नेमक्या शब्दांत सुचवले तेही त्यांचे गणिताचे गुरू प्रा. एडवर्ड रॉस यांनी.

ही सूत्रे अशी : पुस्तके असतात ती वापरण्यासाठी. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळायला हवे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. वाचकाचा वेळ वाचवायला हवा. आणि ग्रंथालय हा वाढत जाणारा जीव आहे.

पहिल्यांदा वाचताना वाटते, यात नवे ते काय? पुस्तकाचे बळ आहे ते या साध्या विधानांपासून लेखक कुठवर जातो त्यात. पुस्तके वापरासाठी असतील, तर ग्रंथालय गावात कुठे असावे, ते किती वाजता उघडावे, कपाटाची उंची किती असावी, तिथला माणूस कसा असावा, हे सगळे त्या एका विधानातून ठरत जाते. युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने बांधून ठेवत; ग्रंथ जपायचा की वापरायचा, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते. आपली साखळी गेली, कुलूप राहिले.

हे विज्ञान आहे का?

आमच्या वाचकांना हा प्रश्न पडेलच. न्यूटनचे नियम ग्रह मोडू शकत नाहीत. रंगनाथनांचे नियम मात्र कोणतीही शाळा सहज मोडू शकते. ते 'काय घडते' हे सांगत नाहीत, 'काय घडावे' हे सांगतात. त्या अर्थाने ते निसर्गनियम नव्हेत. १९५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत रंगनाथनांनी वैज्ञानिक पद्धतीवर एक प्रकरण जोडले आणि आपल्या सूत्रांना तीत जागा करून दिली. तो युक्तिवाद आम्हाला पूर्णपणे पटत नाही. तरी या सूत्रांचा विज्ञानाशी एक खरा संबंध आहे : त्यांच्यामुळे ग्रंथालयाच्या कामात मोजता येण्याजोगे प्रश्न विचारता येतात. 'आमचे ग्रंथालय समृद्ध आहे' हे विधान तपासता येत नाही. 'गेल्या वर्षात एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके किती?' हे मोजता येते.

तिसरे सूत्र आणि रामानुजन

पाचांपैकी तिसरे सूत्र आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळायचा, तर मुलांना कपाटापर्यंत जाता आले पाहिजे, पुस्तके हातात घेऊन चाळता आली पाहिजेत. यालाच ग्रंथालयशास्त्रात मुक्तद्वार पद्धत म्हणतात, आणि मद्रास विद्यापीठात रंगनाथनांनी ती प्रत्यक्ष सुरू केली. कोणते पुस्तक कोणत्या मुलाचे ठरेल, हे यादी करणाऱ्याला आधी कळत नसते, हे त्यामागचे कारण.

रंगनाथनांच्याच तंजावर भागातले उदाहरण घेऊ. १९०३ च्या सुमारास कुंभकोणमच्या एका शाळकरी मुलाच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिकवणी-मास्तराचे एक पुस्तक पडले. सुमारे पाच हजार सूत्रे व प्रमेये, सिद्धता त्रोटक किंवा मुळीच नाहीत. परीक्षेच्या तयारीसाठी केलेले ते रूक्ष संकलन होते. सोळा वर्षांच्या मुलांसाठी शिफारस करा म्हटले असते, तर कोणत्याही समितीने ते यादीत घातले नसते, आम्हीही नसते. तो मुलगा श्रीनिवास रामानुजन होता. मायकेल फॅरेडेचेही तसेच. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके तो वाचत असे. त्यांतच विजेवरचा एन्सायक्लोपीडियातला लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवाद त्याला भेटले. कपाट उघडले की रामानुजन घडतात, असे कोणी म्हणणार नाही. पण कुलूपबंद कपाटात अशा भेटी होऊच शकत नाहीत, हे निश्चित. पुढे १९६७ मध्ये रंगनाथनांनी रामानुजनांवर एक पुस्तकही लिहिले, हा योगायोग आम्हाला बोलका वाटतो.

जिथे पुस्तक अपुरे पडते

आता उणिवा. पुस्तक पाल्हाळिक आहे. सूत्रे पात्रांसारखी बोलतात, आपसात संवाद करतात. सुरुवातीला याची गंमत वाटते, नंतर कंटाळा येतो. देशोदेशीच्या ग्रंथालय-चळवळींची लांबलचक सफर आजच्या वाचकाने भरभर उलटली तरी चालेल. इंग्रजी सोपे आहे, पण जुन्या वळणाचे आहे.

मोठी उणीव वेगळी आहे. रंगनाथनांच्या डोळ्यांसमोर प्रशिक्षित, पूर्णवेळ, पुरेसा पगार असलेला ग्रंथपाल आहे, आणि तसा तो असावा यासाठी ते जोरदार भांडतात. आपल्या असंख्य शाळांत मात्र हे काम आठवड्याचे तास भरलेल्या शिक्षकाकडे असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे म्हटले. ती रोज कोणी द्यायची-घ्यायची, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. अशा शिक्षकाच्या मनातली वसुलीची भीती पाच सूत्रांनी जात नाही.

तिला उत्तर हिशेबाच्या नियमांतच शोधावे लागते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत अशी तरतूद आहे : वर्षभरात दिल्या गेलेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले, तर चौकशी व्हावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही. पण त्यातला छेद नीट पाहा. तो कपाटातल्या पुस्तकांचा नाही, वापरलेल्या पुस्तकांचा आहे. जितकी देवघेव जास्त, तितकी सूट जास्त. ज्याने एकही पुस्तक दिले नाही त्याला सूट शून्य. कोरड्या हिशेबाच्या भाषेत हे रंगनाथनांचे पहिलेच सूत्र आहे. असा ठराव आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत मांडून लेखी करून घेता येईल का, हे शिक्षकांनी जरूर पाहावे. किल्ली सुटायची असेल, तर ती आधी तिथे सुटेल.

उपक्रम कशासाठी?

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. ग्रंथदिंडी निघते, भाषणे होतात. यात वाईट काही नाही. पण उपक्रम कसा झाला याची आमची कसोटी एकच आहे : १६ ऑक्टोबरला किती पुस्तके घरी गेली?

या कसोटीला उतरतील असे काही साधे उपक्रम सांगतो. वर्षभर न हललेली वीस पुस्तके काढा, मुखपृष्ठे दिसतील अशी महिनाभर व्हरांड्यातल्या टेबलावर मांडा आणि नोंद ठेवा. हा तिसऱ्या सूत्राचा प्रयोग झाला, आणि प्रयोगवहीत शोभेल असा. मूल पुस्तक मागते तेव्हापासून ते हातात पडेपर्यंत किती वेळ जातो, ते आठवडाभर मोजा. तो चौथ्या सूत्राचा. देवघेवीची वही आठवी-नववीच्या मुलांकडे द्या. आकाशदर्शनाच्या रात्री ताऱ्यांची पुस्तके मैदानावर न्या. आणि गावाला शाळेशी जोडा : पुस्तकांची एक पेटी बचत गटाच्या बैठकीत किंवा दूध संकलन केंद्रावर आठवडाभर ठेवायला हरकत काय? सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरत होत्या. मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला १९३१ मध्ये बैलगाडीतून ग्रंथालय निघाले, तेव्हा त्यामागे रंगनाथनांचीच प्रेरणा होती.

इंग्रजी पुस्तक एकदम जड वाटेल त्यांनी 'तोत्तोचान' पुन्हा वाचावे. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणले आहे. त्या शाळेचे ग्रंथालय रेल्वेच्या डब्यात आहे, आणि कोणतेही पुस्तक कोणीही केव्हाही घ्यावे, एवढाच तिथला नियम आहे. ते प्रकरण वाचून रंगनाथनांकडे वळले, तर पाच सूत्रे परकी वाटणार नाहीत.

त्या शाळेतल्या बाईंना आम्ही हे सगळे कळवले आहे. यादी पाठवलेली नाही. त्यांच्याकडची पुस्तके पुरेशी चांगली आहेत. आपल्या शाळेत कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि ती तिथेच का असते, हे तुम्हीही आम्हाला कळवा.