तोतया, वारस आणि हिशेब

मेला म्हणून ज्याच्या नांवावर पाणी सोडलें, तो मनुष्य एके दिवशीं गांवच्या वेशींत येऊन उभा राहतो, आपलें नांव सांगतो आणि आपलें घर, आपली शेती व आपली बायको परत मागतो, या कथावस्तूनें अनेक देशांतील ग्रंथकारांस मोह घातला आहे. महाराष्ट्रास तर ती परकी नाहींच. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करिलें नाहीं, आणि पुढें भाऊसाहेबांचें नांव सांगणारा एक मनुष्य निघाला. सुखनिधान नांवाचा तो कनोजी ब्राह्मण १७७६ मध्यें कोंकणांत बंड उभारण्याइतका प्रबळ झाला व त्याच सालीं पुण्यास देहान्त शिक्षा पावला. न. चिं. केळकरांचें ‘तोतयाचें बंड’ हें नाटक याच प्रकरणावर रचलेलें आहे, आणि ‘तोतया’ हा शब्द ऐकतांच मराठी वाचकाच्या मनांत प्रथम हेंच प्रकरण उभें राहतें. फ्रान्स देशांत असेंच स्थान मार्टिन गेर याच्या प्रकरणास आहे. त्यावर दानियेल व्हीन्य यांनीं १९८२ मध्यें काढलेला ‘मार्टिन गेरचें पुनरागमन’ हा बोलपट अद्यापि रसिकांच्या चर्चेंतून गेलेला नाहीं. त्याचें गुणदोषविवेचन करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम मूळ हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पिरनीज पर्वताच्या पायथ्याकडील मुलखांत आर्तिगा नांवाचें खेडें आहे. तेथील एका खात्यापित्या शेतकरी घरांतील मार्टिन गेर याचें लग्न अगदीं कोंवळ्या वयांत बेर्त्रांद द रोल्स हिच्याशीं झालें. कित्येक वर्षें मूलबाळ झालें नाहीं. गांवानें टवाळी केली. अखेर धर्मविधि होऊन पुत्र झाला. परंतु १५४८ मध्यें बापाचें थोडेंसें धान्य चोरल्याचा आळ येतांच मार्टिन घर सोडून निघून गेला. आठ वर्षांनीं, १५५६ मध्यें, ‘मीच मार्टिन’ असें म्हणत एक मनुष्य आला. त्यानें माणसांस नांवें घेऊन हाका मारिल्या, जुन्या गोष्टींच्या खुणा पटविल्या. चार बहिणींनीं, चुलत्यानें व बायकोनें त्यास ओळखलें. तीन वर्षें तो सुखानें नांदला. पुढें चुलता पिएर याच्याशीं बिनसलें व फिर्याद झाली. रिय येथील न्यायाधीशानें त्यास दोषी ठरविलें. अपील तुलूजच्या वरिष्ठ न्यायसभेपुढें गेलें. आणि तेथें निकाल त्याच्या बाजूनें झुकत असतां लांकडी पायाचा खरा मार्टिन येऊन उभा राहिला! आर्नो द्यु तील हें त्या तोतयाचें खरें नांव. १६ सप्टेंबर १५६० रोजीं आर्तिगांत, मार्टिनच्याच घरासमोर, त्यास फांशीं देण्यांत आलें. न्यायाधीशांपैकीं जां द कोरास यांनीं पुढच्याच सालीं या खटल्याचा वृत्तान्त छापला, व मुख्यतः त्यामुळेंच ही हकीकत आज आपणांस इतक्या तपशिलानें ठाऊक आहे.

सामान्य प्रेक्षक हा बोलपट प्रेमकथा म्हणून पाहतो, व तो प्रेमकथा आहे हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु आमच्या मतें त्याचा कणा निराळाच आहे, आणि तो कणा म्हणजे हिशेब. तीन वर्षें जो मनुष्य पंक्तीस बसला, शेतांत राबला, पोरांस खेळवीत राहिला, त्याच्याविषयीं घरांत कोणी संशयाचें अक्षर काढिलें नाहीं. परगांवचे भटके लोक कांहींबाहीं बोलतात. पण त्या बोलण्यास खटल्याचें रूप केव्हां येतें? मार्टिनच्या गैरहजेरींत जमिनीची वहिवाट चुलत्यानें केली होती. त्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब पुतण्यानें मागितला, तेव्हां! मागणीपूर्वीं जो पुतण्या, तो मागणीनंतर तोतया. चुलत्याच्या डोळ्यांस जें तीन वर्षें खुपलें नाहीं, तें एकाएकीं ढळढळीत दिसूं लागलें. वाटणीचे दावे ज्यांनीं घरांत वा शेजारीं पाहिले असतील, त्या वाचकांस हा प्रसंग फ्रान्समधला न वाटतां अगदीं आपल्या ओसरीवरचा वाटेल.

यांतील खोंच लक्षांत घेण्याजोगी आहे. हिशेबाची मागणी न्याय्य होती. मात्र मागणारा लबाड होता. उलट तोतयेपणाचा आरोप सत्य होता. मात्र आरोप करणाऱ्याच्या मनांत लोभ होता. लबाडानें न्यायाची भाषा बोलावी व लोभी मनुष्याच्या तोंडून सत्य बाहेर पडावें, असा हा विलक्षण पेंच आहे. दुय्यम प्रतीच्या दिग्दर्शकानें एकास देव व दुसऱ्यास दैत्य करून हा पेंच सोडविला असता. व्हीन्य यांनीं तो तसाच ठेविला आहे. त्यांचा पिएर हा खलपुरुष नव्हे. भावाच्या घराचा भार उचलणारा, कष्टाळू, तापट आणि आतां हातांतील जमीन सुटते कीं काय या भयानें वेडा झालेला असा तो वडीलधारा मनुष्य आहे. मौरिस बारिए या नटानें ही भूमिका ज्या संयमानें केली आहे, ती पाहतां त्याचा राग आला तरी तिरस्कार येत नाहीं.

आपल्या देशांतील दोन प्रकरणें शेजारीं ठेवलीं असतां या पेंचाचें स्वरूप अधिक स्पष्ट होतें. पानिपतच्या तोतयास जे अनुयायी मिळाले, ते कांहीं केवळ चेहरा पाहून मिळाले नाहींत. पुण्याच्या कारभाऱ्यांवर जे रुष्ट होते, त्यांस भाऊसाहेब जिवंत असणें सोयीचें होतें. बंगालमधील भावालच्या संन्याशाचें प्रकरण याहून जवळचें. १९०९ मध्यें दार्जिलिंग येथें मृत ठरलेला कुमार म्हणून १९२१ मध्यें एक संन्यासी पुढें आला, १९३० मध्यें दावा लागला, आणि १९४६ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें निकाल संन्याशाच्या बाजूनें कायम केला. त्यावर २०१८ मध्यें ‘एक जे छिलो राजा’ हा बंगाली बोलपटही निघाला. तेथें बहिणीनें ओळखलें, बायकोनें नाकारलें. आर्तिगांत बायकोनें ओळखलें, चुलत्यानें नाकारलें. मात्र तिन्ही ठिकाणीं ओळखीच्या मागें दौलत उभी होती. मनुष्य कोण आहे हा प्रश्न जेथें त्याच्या वांट्यास काय येणार या प्रश्नाशीं निगडित असतो, तेथें निव्वळ डोळ्यांवर विसंबतां येत नाहीं, हेंच खरें.

आणि डोळ्यांखेरीज त्या काळीं दुसरें साधन तरी कोणतें होतें? छायाचित्र नाहीं, बोटांचे ठसे नाहींत. खेड्यांतील बहुतेकांस सही करण्याचीही पंचाईत. रिय येथें सुमारें १५० साक्षीदार झाले. त्यांपैकीं तीसचाळीस जणांनीं हाच मार्टिन म्हणून सांगितलें, सुमारें ४५ जणांनीं हा तो नव्हे म्हणून सांगितलें, आणि साठाहून अधिक लोकांनीं कोणताच निर्वाळा दिला नाहीं. गांवच्या चांभाराची साक्ष सर्वांत मासलेवाईक. मार्टिनच्या जोड्याचें माप बारा होतें, याचें नऊ भरतें, असें त्यानें सांगितलें. मनुष्य प्रवासानें बारीक होईल, पण त्याचा पाय आंखूड कसा होईल? असा रोकडा पुरावा असूनही तुलूजचे विद्वान् न्यायाधीश डगमगले, कारण आरोपीच्या स्मरणशक्तीपुढें त्यांची मति कुंठित झाली. बोलपटांतील न्यायसभेचा भाग या दृष्टीनें फार उत्कृष्ट वठला आहे. दपार्दिय यांचा आर्नो तेथें उत्तरें देतो तीं पाठ केलेल्या नटासारखीं नव्हेत. आपण खरोखर मार्टिन आहों अशी त्याची स्वतःची खात्री पटल्यासारखीं तीं उत्तरें आहेत. पडद्यावरील तोतया पाहून आपण मनांत त्याची बाजू घेऊं लागतों, व आपण असें कां करितों, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.

आतां दोषांकडे वळूं. पहिला व मोठा दोष बेर्त्रांदच्या चित्रणांत आहे. ही स्त्री फसली कीं फसविण्यांत सामील झाली? कोरास यांनीं ती फसली असें मानिलें. या बोलपटास ज्यांचें ऐतिहासिक साहाय्य लाभलें त्या विदुषी नॅटली झेमन डेव्हिस यांनीं १९८३ च्या आपल्या ग्रंथांत उलट मत मांडलें. बायकोस आपला नवरा स्पर्शावरून कळत नाहीं असें होणार नाहीं. तिनें जाणूनबुजून त्यास पत्करिलें असलें पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय. १९८८ मध्यें रॉबर्ट फिनले यांनीं यावर कडक आक्षेप घेतला व डेव्हिसबाईंनींही त्यास सविस्तर उत्तर दिलें. वाद अजून विद्वानांत जिवंत आहे. बोलपटानें मात्र अखेरीस बेर्त्रांद व कोरास यांची एकान्तांत भेट घडवून तिच्याच तोंडून तो मिटवून टाकिला आहे.

हा प्रसंग नाताली बाय यांनीं फार हळुवारपणें केला आहे हें कबूल. तथापि त्यामुळें कथेची हानि झाली असें आम्हांस वाटतें. या स्त्रीची स्थिति पाहा. नवरा मेल्याचा पुरावा नसल्यामुळें धर्माप्रमाणें तिला पुनर्विवाह करतां येत नव्हता. ती सधवा नव्हती, विधवाही नव्हती. पुढें तिच्या आईनेंच पिएरशीं लग्न केलेलें असल्यामुळें तिला माहेर व सासर हें एकच झालें होतें, आणि त्याच घरांतून तिच्यावर आपल्या नवऱ्याविरुद्ध फिर्यादीस उभें राहण्याची सक्ती झाली. ती फिर्यादीसही राहिली आणि घरच्यांनीं त्याला मारूं लागतांच त्याच्या अंगावर पडून मारही तिनेंच चुकविला. अशा स्त्रीचें मौन हेंच तिचें एकमेव शस्त्र होतें. तिला बोलतें करून दिग्दर्शकांनीं तें शस्त्र तिच्या हातून काढून घेतलें. तिनें न्यायाधीशास कांहींच न सांगतां केवळ पाहिलें असतें, तर प्रेक्षक घरीं जातांना निकाल बरोबर घेऊन गेला नसता, प्रश्न घेऊन गेला असता. डेव्हिसबाईंनीं आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत गेर घराण्याचें बास्क मूळ, खेड्यांतील प्रॉटेस्टंट मताचा शिरकाव आणि बायकोचा दुहेरी डाव यांना बोलपटांत वाव मिळाला नाहीं असें नमूद केलें आहे, तें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

दुसरा दोष खऱ्या मार्टिनविषयींचा. न्यायसभेंत त्यानें बायकोशीं दाखविलेली कठोरता मूळ वृत्तान्तांतही आहे, तेव्हां तिचा दोष चित्रकर्त्यांस देतां येत नाहीं. परंतु हा मनुष्य कठोर कां झाला? कोंवळ्या वयांत ज्याची गांवानें विटंबना केली, मूठभर धान्यासाठीं ज्यास बापापुढें तोंड दाखविण्याची सोय उरली नाहीं, १५५७ मध्यें सेंट क्वेंटिनच्या रणांत ज्यानें पाय गमाविला, तो परत येतो तेव्हां त्याच्या अंथरुणावर, शेतावर आणि नांवावर दुसरा बसलेला असतो! त्याचें दुःख कोणाहून कमी आहे काय? आरंभींच्या भागांत बोलपट त्याची विटंबना दाखवितो, पण शेवटीं ती विसरतो. तोतया गोड बोलतो म्हणून वारसा त्याचा, आणि वारस कडू बोलतो म्हणून तो परका, या न्यायानें चाललें तर जगांत कोणाचें घर सुरक्षित राहील? प्रेक्षकाच्या सहानुभूतीचें पारडें तोतयाकडे झुकविणें सोपें आहे. तें झुकल्यानंतर त्यास क्षणभर थांबवून दुसऱ्या पारड्याकडे पाहावयास लावणें अवघड. तेवढें येथें साधलेलें नाहीं.

एवढे दोष सांगूनही, ऐतिहासिक बोलपटांत याचें स्थान वरचें आहे, असेंच आम्ही म्हणूं. संवाद व पटकथा यांत व्हीन्य यांच्या जोडीस जां-क्लोद कारिएर होते. पीटर ब्रुक यांच्या ‘महाभारता’चें नाट्यरूप पुढें ज्यांनीं सिद्ध केलें तेच हे ग्रंथकार. राजवाडे, तरवारी आणि जरतारी पोशाख यांनाच इतिहास समजण्याची जी खोड सर्वत्र दिसते, तिचा येथें मागमूस नाहीं. येथें इतिहास म्हणजे शेणामातीचें घर, चुलीचा धूर, हंगामाची काळजी आणि गुरांची ऊब. आपल्याकडील पेशवाईवरील चित्रांत शनिवारवाडा वारंवार दिसतो; कुणब्याचें खोपट क्वचित् दिसतें. आमच्या चित्रकर्त्यांनीं एवढा धडा जरी घेतला तरी पुष्कळ झालें.

एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. तुलूजच्या न्यायसभेनें तोतयास फांशींची शिक्षा दिली, परंतु त्याच्यापासून बेर्त्रांदला झालेली मुलगी औरस ठरविली. आईनें शुद्ध भावनेनें त्यास पति मानिलें होतें, एवढा आधार न्यायाधीशांस पुरला. आर्नोची स्वतःची जी मालमत्ता होती, ती त्यांनीं या मुलीस देवविली. ज्या खटल्याचा उगम वारशाच्या हिशेबांत झाला, त्याच्या अखेरीस एका निरपराध बालिकेचा वारसा न्यायाधीशांनीं विसरूं दिला नाहीं. हा निवाडा करणाऱ्यांपैकीं कोरास यांस स्वतः मात्र पुढें १५७२ मध्यें, प्रॉटेस्टंट मताचे म्हणून, त्याच तुलूज शहरांत प्राणास मुकावें लागलें. बोलपट पाहतांना वाचकांनीं तोतयाच्या चातुर्याइतकीच या न्यायाधीशांच्या विवेकाकडेही नजर ठेवावी, आणि घरांतील वडील मंडळींनीं तो तरुणांसह बसून पाहावा. पाहून झाल्यावर घरांत वाद होईल. तो अवश्य होऊं द्यावा.