काळ्या-पांढऱ्याचे पाठभेद

विट्याचे गलाईवाले सोन्या-चांदीतला मळ काढत देशभर पोचले. कृष्णधवल निगेटिव्हवरचा काळा रंग म्हणजेही चांदीच. तिच्यापायी जुनी फिल्म भंगारात गेली, चांदीसाठी गाळली गेली. २००३ साली पुण्यातल्या आगीत नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला. उरल्यासुरल्याचे स्कॅन होते, तेव्हा मळाबरोबर चांदीही फेकली जाते, असे माझे मत आहे.

दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. सहज मिळणाऱ्या काही प्रतींत उपरण्याची चुणी दिसत नाही, नुसता पांढरा डाग दिसतो. तो दोष मी छायाचित्रकार व्ही. अवधूतांच्या माथी मारणार नाही. निगेटिव्ह मुद्दाम मवाळ ठेवतात. गडद-उजळातला फरक पॉझिटिव्ह छापताना वाढतो. प्रतीवरून प्रत काढली की मधल्या छटा आणखी गळतात. वर स्कॅनर आपल्या मर्जीने सर्वांत गडद बिंदू काळा आणि सर्वांत उजळ बिंदू पांढरा करून टाकतो. रंगीत फिल्मवरची धूळ ओळखणारे अवरक्त किरण इथे निरुपयोगी, कारण चांदी त्यांना अडवते. ते चालू ठेवले तर यंत्र चित्रातला तपशीलच धूळ समजून पुसते. (सगळे राखाडी ठेवून त्याला अस्सल म्हणणारेही आहेतच.)

तुकोबांच्या गाथेचे पाठभेद आपण तळटीपांत नोंदवतो. त्यांच्यावरच्या चित्रपटाचा स्कॅन निगेटिव्हवरून झाला की कितव्या प्रतीवरून, छटा कोणी आणि कशाच्या आधारे ठरवल्या, एवढे तरी श्रेयनामावलीत छापायला हवे. तोवर प्रभातच्या प्रकाशयोजनेवर लिहिणाऱ्याने आधी आपली प्रत कोणती ते सांगावे.