अनुदानवाक्यातील लुप्त कारके

१

शासकीय अर्थसाहाय्याने सिद्ध झालेला मराठी संशोधनग्रंथ उघडला, की शीर्षकपृष्ठाच्या मागील बाजूस किंवा प्रास्ताविकाच्या अखेरीस एक वाक्य सामान्यतः आढळते : ग्रंथ अमुक संस्थेच्या अनुदानातून प्रकाशित झाला आहे, अथवा संशोधनास अमुक खात्याचे आर्थिक साहाय्य लाभले आहे. बहुधा त्याच्या जोडीला दुसरेही वाक्य असते. ग्रंथातील मतांची जबाबदारी लेखकाची असून अनुदान देणारी संस्था त्यांच्याशी सहमत असेलच असे नाही, असा त्याचा आशय असतो. वाचक ही दोन वाक्ये ओलांडून पुढे जातो, समीक्षकही जातो. ग्रंथाच्या संहितेचे अक्षर न् अक्षर तपासणारा अभ्यासक या वाक्यांना संहितेचा भाग मानीत नाही. वस्तुतः सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या विद्याव्यवहारात वाचकाच्या हाती पडणारे हिशेबाचे एकमेव वाक्य पुष्कळदा हेच असते. तेव्हा इतर कोणत्याही वाक्याप्रमाणे त्याचीही चिकित्सा होणे अवश्य आहे.

'देणे' या क्रियापदाला आकांक्षा असतात. कोणी दिले, काय दिले, कोणाला दिले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ते वाक्य पुरे होत नाही. व्याकरणाच्या परंपरेने यांनाच अनुक्रमे कर्ता, कर्म आणि संप्रदान म्हटले आहे. कोठून दिले हे अपादान, आणि कशासाठी दिले हे तादर्थ्य. तादर्थ्य हे काटेकोर अर्थाने कारक नव्हे. परंतु संस्कृतात संप्रदान व तादर्थ्य या दोहोंसाठी चतुर्थीच येते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. घेणारा आणि हेतू यांचा संबंध भाषेने एकाच विभक्तीत बांधला आहे.

'अनुदान' हे मात्र नाम आहे. क्रियेचे नाम झाले, की तिच्या आकांक्षा शिथिल होतात. 'शासनाने दिले' एवढेच म्हटले तर ऐकणारा 'काय?' आणि 'कोणाला?' असे विचारल्यावाचून राहणार नाही. 'शासनाच्या अनुदानातून प्रकाशित' असे म्हटले, की कोणीही काही विचारीत नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. कर्ता षष्ठीत जाऊन विशेषणवत् उरतो, रक्कम नाहीशी होते, घेणारा अध्याहृत राहतो, आणि '-तून' या प्रत्ययामुळे अनुदान हे जणू ग्रंथ जेथून आपोआप उगवतो असे एखादे स्थान बनते. 'साहाय्य लाभले' या रचनेत तर देण्याची क्रियाच उरत नाही. पाऊस लाभतो, दीर्घायुष्य लाभते, तसे अनुदान लाभते. हिशेबाचे वाक्य अशा रीतीने आभाराचे वाक्य होते, आणि आभार मानले जातात ते मधल्या खात्याचे. ज्यांच्या करातून रक्कम आली, ते या वाक्यात कोठेच नसतात.

२

दानाचे वाक्य असेच असावयाचे, असा समज असल्यास त्याचे निराकरण महाराष्ट्राच्याच भूमीवर होते. नाशिकजवळील त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दिनीकाचा पुत्र उषवदात याचा प्राकृत लेख आहे. त्यात बेचाळिसावे वर्ष व वैशाख मास नोंदलेला असून, लेणे संघाला अर्पण केल्याचे सांगून तीन हजार कार्षापणांच्या अक्षय निधीचा तपशील दिला आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली आहे : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. केवळ व्याज उपभोगावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. दुसरीचे व्याज 'कुशण' या नावाने सांगितलेल्या खर्चासाठी. शेवटी हे सर्व निगमसभेत ऐकविले असून फलकावर नोंदविले आहे, असाही निर्देश आहे.

या लेखाचे महत्त्व त्याच्या प्राचीनतेत नाही. दोन हजारांचे दरमहा एक टक्का व्याज वीस कार्षापण, म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही दोनशे चाळीस. देणारा, घेणारे, निधी सांभाळणारे व त्यांतील एकही साक्षीदार आज नाही. तरीही कोणताही वाचक या वाक्याचा ताळा करून पाहू शकतो, आणि तो जुळतो. कर्ता, कर्म, संप्रदान, अपादान, तादर्थ्य, काळ आणि स्थळ यांपैकी काहीही गाळलेले नाही. उषवदाताच्या लेखात स्वतःच्या कीर्तीची आस नाही असे कोणी म्हणणार नाही. आणि ते दान लोकांच्या वतीने कोणा लोकनियुक्त मंडळाने दिलेले नव्हते हेही उघड आहे. तथापि कीर्तीची इच्छा असूनही आकडे गाळावेत, असे त्याला वाटले नाही. निगमसभेत ऐकविण्याचा हेतूही स्पष्ट दिसतो : ज्या श्रेणींकडे रक्कम ठेवली, त्यांचे दायित्व नगराला ठाऊक असावे.

३

आधुनिक शासनव्यवहारात पूर्ण वाक्य लिहिलेच जात नाही, असे मात्र नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ ने एकत्रित निधी स्थापिला आहे, आणि अनुच्छेद २८२ ने संघराज्याला व राज्यांना कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देण्याची मुभा दिली आहे. अपादान आणि तादर्थ्य अशी दोन्ही पदे घटनेतच आली आहेत. मंजुरीच्या आदेशात घेणाऱ्या संस्थेचे नाव, रक्कम व लेखाशीर्ष असते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार अनुदान घेणाऱ्या संस्थेने उपयोगिता प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्यात रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली त्याच कारणासाठी खर्च झाली, असे प्रमाणित करावे लागते. म्हणजे सर्व कारकांनी युक्त असे वाक्य लिहिले जाते, त्यावर स्वाक्षरी होते, आणि ते देणाऱ्याकडे परत पाठविले जाते. त्याचा श्रोता एकच असतो. फायलीतील वाक्य पूर्ण आणि ग्रंथातील वाक्य खंडित, ही तफावत अज्ञानातून आलेली नाही. श्रोता कोण मानला आहे, यावरून ती ठरली आहे.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने हा श्रोता बदलला. कलम ४(१)(ख) मधील बाराव्या बाबीनुसार अर्थसाहाय्याच्या कार्यक्रमांच्या अंमलबजावणीची रीत, वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील शासकीय प्राधिकरणाने कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाचा आहे. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी, असे म्हटले आहे. भाषेच्या अभ्यासकाने या पोटकलमाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. कारण हिशेब केवळ लिहिलेला असून भागत नाही, तो ज्याला द्यावयाचा त्याच्या भाषेत असावा लागतो, हे तत्त्व तेथे विधिरूपाने मान्य झाले आहे.

तथापि या पाठातही दोन वैगुण्ये आहेत. पहिले, 'लाभार्थी' या शब्दाचे. धान्य वा घर मिळणाऱ्या नागरिकास तो लागू पडेल. संशोधकास तो लावला, की ज्याच्यावर काम सोपविले आहे तो लाभ घेणारा ठरतो, आणि कामाचा खरा लाभार्थी जो समाज, तो वाक्याबाहेर जातो. दुसरे वैगुण्य असे, की रक्कम व घेणारा यांचा उल्लेख असून फलिताचा नाही. यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची भर पडली आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(१)(ञ) च्या मूळ पाठात वैयक्तिक माहिती नाकारण्यास अटी होत्या : त्या माहितीचा सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंध नसावा, किंवा ती देण्याने खाजगी जीवनावर अनाठायी आक्रमण व्हावे. २०२३ च्या कायद्यातील कलम ४४(३) ने ही सर्व विशेषणात्मक उपवाक्ये काढून केवळ 'वैयक्तिक माहिती' एवढेच ठेवले. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची तरतूद कायम आहे, हे खरे. परंतु एक उपवाक्य गळल्याने अनुदानवाक्यातील संप्रदानच झाकता येण्याची वाट मोकळी होते, हे नजरेआड करता येणार नाही.

४

पूर्ण प्रकटनाविरुद्ध विद्वानांचा एक आक्षेप असतो, आणि तो गंभीर आहे. रक्कम आणि विषय उघड झाले, की ज्याला शास्त्राची जाण नाही तो त्यांची थट्टा करतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ साली उधळपट्टीबद्दलचा 'गोल्डन फ्लीस' हा उपरोधिक पुरस्कार सुरू केला. पहिला दिला तो राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाला, माणसे प्रेमात का पडतात याच्या अभ्यासासाठी ८४,००० डॉलर दिल्याबद्दल. हा उपक्रम १९८८ पर्यंत चालला. प्राण्यांच्या आक्रमकतेचा अभ्यास करणारे रोनाल्ड हचिन्सन यांनी अशा थट्टेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आणि १९७९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सिनेटरने प्रसृत केलेल्या वार्तापत्रांना व पत्रकांना संसदीय भाषणाचे संरक्षण नाही.

या प्रकरणाचा अर्थ मात्र आक्षेपकांच्या समजाहून वेगळा निघतो. प्रॉक्समायर यांच्या वाक्यात कर्ता होता, कर्म होते, संप्रदानही होते. नव्हते ते तादर्थ्य. विषयाचे नाव हा विषयाचा हेतू नव्हे. हेतू गाळलेले वाक्य प्रथम विद्वानाने लिहिले, की ती रिकामी जागा थट्टेखोर स्वतःच्या शब्दांनी भरतो. यावरचा उपाय रक्कम झाकणे हा नसून हेतू सांगणे हा आहे. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेला 'गोल्डन गूज' पुरस्कार याच जाणिवेतून आला. वरकरणी विचित्र भासणाऱ्या, सार्वजनिक पैशाने झालेल्या संशोधनातून पुढे काय निष्पन्न झाले, हे तो सांगतो.

त्याच देशातील सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. आरोग्य, श्रम व शिक्षण या खात्यांच्या विनियोजन कायद्यांत ती आढळते. अनुदानित प्रकल्पाविषयी पत्रक वा निवेदन काढताना एकूण खर्चातील संघीय पैशाचे शेकडा प्रमाण, त्याची रक्कम, आणि शासनेतर स्रोतांचे प्रमाण व रक्कम स्पष्ट सांगावी, असे ती बजावते. अनुदान घेणाऱ्याच्याच तोंडी पूर्ण वाक्य घालणे हे तिचे वैशिष्ट्य. याउलट २००८ पासून 'वेब ऑफ सायन्स' या निर्देशसूचीने शोधनिबंधांतील अनुदानाचे उल्लेख नोंदविण्यास आरंभ केला, त्यात देणाऱ्याचे नाव व अनुदानक्रमांक मिळतो. रक्कम मिळत नाही. क्रमांक हा सर्वनामासारखा आहे : तो ज्याच्याकडे बोट दाखवितो ती वस्तू वाचकापुढे नसेल, तर त्यातून अर्थबोध होत नाही.

भारतात हा प्रश्न यापुढे अधिक निकडीचा होईल. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, तेव्हा पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली; त्यांपैकी १४,००० कोटी केंद्र शासनाने द्यावयाचे, आणि उरलेला मोठा भाग उद्योग, दानशूर व्यक्ती आदी अन्य स्रोतांतून यावयाचा. जेथे सार्वजनिक आणि खाजगी पैसा एकाच प्रकल्पात मिसळेल, तेथे 'अमुक संस्थेच्या अनुदानातून' या षष्ठीने काहीच कळणार नाही. अपादाने दोन असतील, तर दोन्ही सांगितली पाहिजेत, आणि प्रत्येकाचे प्रमाणही.

विद्यापीठीय विभागांना यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रंथाच्या वा प्रबंधाच्या आरंभी मंजुरी-आदेशाचा क्रमांक व दिनांक, मंजूर व खर्च झालेली रक्कम, ती कोणत्या निधीतून आली, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी घेतली, आणि ते उत्तर किती अंशी मिळाले, एवढे चार ओळींत मराठीत छापता येते. उत्तर मिळाले नसेल, तर तसेही छापता येते. निष्फळ शोध हा गैरव्यवहार नव्हे. आभार मानावयाचे ते त्यानंतर खुशाल मानावेत.